डाळ निवडणारे नवरे

घर भाड्याने देताना डॉक्टरीणबाईंनी नळ, मीटर आणि गच्चीचा जिना या गोष्टी शेवटी दाखवल्या. आधी दाखवली ती झोपायच्या खोलीची कडी. ती त्यांनी आतून लावून पाहिली, मलाही लावायला सांगितली आणि माझ्या नवऱ्याला बाहेर उभं करून दार ढकलायला लावलं. दार हललं नाही. त्यांचं समाधान झालं.

"तुमची सासू आली तं कुठं झोपन?" त्यांनी मला विचारलं.

अजून ठरवलेलं नाही, असं मी म्हणाले.

"आधी ठरवा. मंग सामान आना."

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकाचं गुन्हेवृत्ताचं पान घरी बसून तपासत असे. नवऱ्याची बँकेतली बदली आदिलाबादला झाली म्हणून डेस्कवरची खुर्ची सुटली, पान मात्र लॅपटॉपवर माझ्या मागोमाग आलं. कोण, काय, कुठे, केव्हा हे दिवसभर दुसऱ्यांना विचारणारी मी. माझी सासू कुठे झोपणार, या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरीणबाई वांकिडीकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. सारी नोकरी सरकारी दवाखान्यांत काढून त्या आदिलाबादला स्थायिक झाल्या होत्या. खालच्या मजल्यावर त्या राहत आणि तिथेच रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर तेलुगूत आणि मराठीत 'स्त्रियांचा दवाखाना' एवढंच लिहिलेलं होतं. बायका मात्र तिथे एका विशिष्ट कामासाठी येत आणि ते काम गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ज्या बाईला नवऱ्याजवळ जाणं दुखायचं, नकोसं व्हायचं, किंवा दुखतही नव्हतं आणि सुखही नव्हतं, ती डॉक्टरम्माकडे येई.

हे बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी तपासणीच्या खोलीत एक जुना लोखंडी कूलर ठेवला होता. तो बारमाही चाले. उन्हाळ्यात कोणाला त्याचं काही वाटत नसे. पण आदिलाबादच्या डिसेंबरात, माणसं सकाळी शेकोटीशी बसलेली असताना, बिनपाण्याचा तो कूलर घरघरत असे आणि बायका शाल गुंडाळून आपली व्यथा सांगत. त्यासाठी दाराशी खुंटीवर शालींचा ढीगच होता. या व्यवस्थेत एकच उणीव होती. डॉक्टरीणबाईंचा आवाज कूलरपेक्षा मोठा होता. पेशंट काय म्हणाली ते बाहेर कधीच कळत नसे, पण उत्तर चौकापर्यंत जाई.

"अवं, तेल लावलं तं पाप लागते असं कोनी सांगतलं तुले?" असं एकदा मी जिन्यात असताना ऐकलं. थोड्या शांततेनंतर पुन्हा, "त्याले काय समजते? त्याले सांग, डॉक्टरम्मानं सांगतलं."

नवऱ्यांना त्या आत घेत नसत. त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवून मांडीवर तुरीच्या डाळीने भरलेलं सूप दिलं जाई. डाळ त्यांच्या भावाच्या शेतातली, पोत्याने यायची, आणि खडे तिच्यात भरपूर. बायको आत बोलते आहे तोवर नवऱ्याने डाळ निवडायची. त्यांचं म्हणणं असं, की जो माणूस घाई न करता डाळ निवडू शकत नाही त्याला पुढचं काही समजावून उपयोग नाही. काहीजण रागाने उठून जात. काहीजण वरवर हात फिरवून सूप परत देत. त्यांना त्या दुसरं सूप देत.

"खडा दातात आला का मंग समजते," त्या म्हणत. "तवा थांबा जराशे."

यामुळे कूलरने राखलेली गुप्तता डाळीने घालवली. त्या व्हरांड्यात डाळ निवडणारा पुरुष कशासाठी आला आहे, हे भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखत. मी हे एकदा त्यांच्या नजरेस आणून दिलं. त्या म्हणाल्या, "बाया इतके वर्स लाजल्या. आता जराशे हे लाजतीन." निवडलेल्या डाळीतली काही आम्हाला वर मिळे. निम्म्या तालुक्यातल्या नवऱ्यांच्या हातून गेलेलं वरण मी दोन वेळ खात होते आणि चवीला ते उत्तम होतं.

त्यांची बोली वांकिडीची आणि शब्द तहसील कचेरीचे. नवऱ्यांशी बोलताना हे विशेष जाणवे. "हे पाहा," एका तरुण शिक्षकाला त्या सांगत होत्या, "तुमची ते दरखास्त. तिची ते मंजुरी. दरखास्त दिली म्हनजे मंजूर झाली असं होते का? आन काल मंजूर झालं तं तोच कागद आज चालते का? तहसीलीत समजते नं तुमाले हे? मंग घरी काऊन समजत नाई?" शिक्षक मान खाली घालून खडे वेचत होता.

या कामाकडे त्या कशा वळल्या, हे त्यांनी एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालताना सांगितलं. बेज्जूरला, जंगलातल्या आरोग्य केंद्रात असताना, त्यांच्याकडे कंबर दुखते म्हणणाऱ्या बायांची रांग लागे. त्या गोळ्या देत. प्राणहितेच्या काठच्या गावाहून एक बाई पुन्हा पुन्हा यायची. एकदा चिडून त्यांनी विचारलं, दुखते तरी केव्हा? ती बाई म्हणाली, तो जवळ येतो तेव्हा.

"मंग मी बाकीच्यांले इचारलं," त्या म्हणाल्या. "निम्म्या कमरांले काई झालंच नोतं. आन मी गोळ्या देऊन राह्यली होती. मले बक्षीस भेटलं होतं वं, जिल्ह्यातनं, चांगल्या कामाचं." त्यावर त्या इतक्या हसल्या की मिरच्यांवरचे कावळे उडाले.

बेल्लमपल्लीच्या खाणकामगाराच्या बायकोची गोष्ट त्यांना फार आवडे. ती पन्नाशी उलटलेली बाई होती. तिचा नवरा जन्मभर पाळीवर गेला, तो घरी तेव्हा ती कामात, ती मोकळी तेव्हा तो झोपलेला. निवृत्त होऊन तो घरी बसला आणि दोघांना पहिल्यांदा निवांत वेळ मिळाला, तर तिची पाळी गेलेली आणि जवळ येणं म्हणजे नुसती आग. या वयात हे बोलायचं कसं म्हणून ती सुनेच्या तपासणीचं निमित्त काढून आली आणि सुनेला बाहेर बसवून स्वतःचं बोलली. डॉक्टरीणबाईंनी एक मलम दिलं, थोडी माहिती दिली आणि नवऱ्याला अर्थातच डाळ. पुढच्या वेळी ती बाई पेरूंची पिशवी घेऊन आली आणि तक्रार करू लागली, की आता हा माणूस बाजारालासुद्धा जात नाही.

या सगळ्या गोष्टी मी लक्ष देऊन ऐकत होते आणि माझा त्यांच्याशी संबंध नाही असं दाखवत होते.

लग्नाला तिसरं वर्ष चालू होतं आणि आमच्यात ते एकदाही झालेलं नव्हतं. प्रयत्न झाले. दर वेळी माझं अंग आतून मिटून जाई, आग होई, आणि नवरा 'सॉरी' म्हणून कूस बदली. मीही 'सॉरी' म्हणे. पुढे आम्ही प्रयत्न सोडले आणि बाकी सर्व बाबतींत एकमेकांशी कमालीच्या सौजन्याने वागू लागलो. पाण्याचा पेला दिला तरी आम्ही आभार मानत असू. पाहुण्यांना आमचा संसार आदर्श वाटे.

अडचणीचा एक भाग माझ्या धंद्याचाही होता. या गोष्टीसाठी माझ्याकडे 'शरीरसंबंध' हा एकच शब्द होता आणि तो माझ्या पानावर फक्त फिर्यादीत येई. त्याच्या आधी 'आमिष दाखवून' किंवा 'बळजबरीने' असायचंच. राजीखुशीने झालेल्याची बातमी होत नाही, म्हणून त्यासाठी शब्द कधी लागला नव्हता. रोज तो मजकूर शुद्ध करून पानात लावणाऱ्या मला घरी तोंडातून एक वाक्य काढता येत नव्हतं.

सासूबाई बेल्लमपल्लीला राहत. निवृत्त शिक्षिका, आणि योजना आखून काम करणाऱ्या. मूल होत नाही म्हणून त्यांनी नागपूरच्या एका वंध्यत्वाच्या दवाखान्यात आमची संक्रांतीनंतरची वेळ घेतली. आम्ही दोघं 'बघू' म्हणालो. आमच्या घरात 'बघू' म्हणजे होकार. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं. तपासण्या, इंजेक्शनं, कदाचित शस्त्रक्रिया असा सगळा कार्यक्रम ठरत होता. त्यातली त्रुटी काय, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही ते एकमेकांशीही बोलत नव्हतो. मी एवढ्या सुया आणि परीक्षा सहन करायला तयार होते, पण खरं सांगायला नाही.

शेवटी मी पत्रकारितेचा आधार घेतला. डिसेंबरातल्या एका सकाळी पेशंट यायच्या आधी मी खाली गेले आणि म्हणाले, महिला पुरवणीसाठी लेख करते आहे, एका वाचक महिलेची समस्या आहे, तज्ज्ञांचं मत हवं. समस्या मी तृतीयपुरुषी, नीट परिच्छेद पाडून मांडली.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "नवरा काय करते त्या बाईचा?"

"बँकेत आहे."

त्या उठल्या, कूलर चालू केला आणि खुंटीवरची एक शाल माझ्या अंगावर टाकली.

"लेखासाठी कूलर कशाला?" मी म्हणाले.

"असू दे. त्या बाईले लोकायची भीती वाटत असन."

मग मी रडले. तृतीयपुरुषी रडता येत नाही.

त्यांनी विचारलं, कोणी कधी काही केलं होतं का. मी नाही म्हणाले आणि ते खरं होतं. "मंग ठीक," त्या म्हणाल्या. "अंग भ्यालं, बस. सारा जन्म त्याले शिकवलं, नाई, नाई, दार लाव, पाय जवळ घे. मंग मांडवात दोन फुलं टाकली आन म्हनलं, आता हो म्हन. सरकारी नोकराले तरी बदलीची नोटीस भेटते." मग त्यांनी शेतकऱ्याच्या मुलीला सुचावं असं उदाहरण दिलं. "बैल पुलावर अडला तं मारून जात नाई. पानी पाहू दे, वास घेऊ दे. मंग तोच जाते." मी पत्रकारितेची पदवी सुवर्णपदकासह घेतलेली बाई. पण बैलाची उपमा मला इतकी अचूक लागू पडली होती की संपादन करायला जागा नव्हती.

तपासू का, असं त्यांनी आधी विचारलं आणि मी हो म्हणेपर्यंत थांबल्या. मध्ये एकदा मी 'नको' म्हणाले, तर तिथेच हात मागे घेतला. सगळं जागच्या जागी आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. आतले स्नायू भीतीने आवळले जातात, माझ्या मर्जीवर नाही, आणि ते सैल सोडायला शिकता येतं. श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. एका डब्यातून करंगळीएवढी, मग तिच्याहून जाड अशा प्लास्टिकच्या गुळगुळीत कांड्या काढून दिल्या. माझ्या हाताने, माझ्या सवडीने एकेक आत सरकवून पाहायची, दुखेल तिथे थांबायचं. आणि त्या सांगेपर्यंत नवऱ्याबरोबर तो प्रयत्न करायला पूर्ण बंदी. "बाकी सारं करा," त्या म्हणाल्या. मी 'बाकी' म्हणजे काय असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

मी ते काम पान लावल्यासारखं हातात घेतलं. वेळ ठरवली, टप्पे ठरवले, आणि पहिल्याच टप्प्यावर अडकले. पुढच्या भेटीत मी 'अपेक्षित प्रगती झालेली नाही' असं सांगितलं.

"कोनाची अपेक्षा?" त्या कडाडल्या. "छापायचं हाय का तुले हे?"

मग नवऱ्याला बोलावणं आलं. तो बँकेतून येऊन थेट बाकावर बसला आणि सूप घेतलं. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. त्याने डाळीचे तीन ढीग केले, चांगली, फुटकी आणि संशयास्पद. रस्त्यावरून त्याचे मॅनेजर स्कूटरवर गेले, थोडे पुढे जाऊन वळले आणि म्हणाले, "डाळ का? बसा, बसा. मीपण बसलो होतो." दुसऱ्या दिवशी बँकेत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण त्यानंतर त्याची रजा कधी अडली नाही.

डॉक्टरीणबाई त्याच्याशी काय बोलल्या, ते वर ऐकू आलं नाही. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तो वर आला तेव्हा पँटीवर डाळीचा भुसा होता.

"त्यांनी विचारलं, हिला काही न मागता शेवटचा हात केव्हा लावला," तो म्हणाला. "मला आठवेना." मग जिन्याच्या दाराशीच उभं राहून म्हणाला, "मला वाटायचं, तुला मी आवडतच नाही. म्हणून मी विचारायचं टाळलं. तू 'हो, नाही आवडत' म्हणाली असतीस तर काय करणार होतो?"

"मला वाटायचं, मी मोडकी आहे," मी म्हणाले. "तू सभ्य आहेस म्हणून बोलत नाहीस."

त्या दिवशी आम्ही एकमेकांचे आभार मानायचं बंद केलं.

नागपूरची तारीख मात्र कायम होती. सासूबाई फाइल, स्वेटर आणि तिळाचे लाडू घेऊन हजर झाल्या आणि घरमालकीण डॉक्टर आहे तर तिचंही मत घेऊ म्हणून मला बरोबर घेऊन खाली उतरल्या. नवरा बँकेत होता. कूलर सुरू झाला, आम्ही दोघी शाली पांघरून बसलो. सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टरबाई, नागपूरचा तो दवाखाना कसा हाय? सुनेले नेऊन राह्यलो आमी."

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या एका वाक्यात माझी सुटका करू शकत होत्या. चौकाला ऐकू जाणारा तो आवाज माझ्या बाजूने लागला असता, तर सासूबाईंना फाइल मिटावीच लागली असती. पण त्या पेन उघडत होत्या, मिटत होत्या.

"माह्याजवळ सांगण्यासारखं काई नाई, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "तिचं हाय. तिले इचारा."

मी तोंड उघडलं आणि आजवरच्या सवयीने बाहेर आलं ते असं: "आई, लग्नानंतर आजपर्यंत आमच्यात शरीरसंबंध प्रस्थापित झालेले नाहीत."

कूलर घरघरत राहिला. सासूबाईंनी फाइल मांडीवरून उचलली, पुन्हा ठेवली.

"काऊन?" त्या म्हणाल्या.

"मला दुखतं. उपचार चालू आहेत. मला वेळ पाहिजे."

"माह्या पोरानं काई केलं का?"

"नाही. त्याने काहीच केलं नाही."

"हो," सासूबाई म्हणाल्या, "थेच तं." मग त्यांचा आवाज चढला. "आन मी सोळा सोमवार केले! इकडं मी उपाशी मरून राह्यली, आन तुमी दोघं... आधी सांगतलं असतं तं दोन घास जेवली तरी असती मी!"

डॉक्टरीणबाई हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या फाइलची दोरी बांधत होत्या. बांधून झाल्यावर हळू म्हणाल्या, "मले वाटलं तू मले घाबरत नसशीन. शिकलेली हायेस." नागपूरला त्यांनीच फोन केला आणि सून आजारी आहे, येणार नाही, असं सांगितलं. त्याच दिवशी दुपारच्या बसने त्या परत निघाल्या. बसस्टँडवर माझ्या हातात लाडवांचा डबा देऊन म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत मी येत नाई. बलावलं तरी येत नाई."

बंदी होळीच्या सुमारास उठली. त्यानंतर काही दिवसांनी ते झालं. दुखलं नाही. मी छताकडे पाहत होते आणि मनात मथळा जुळवत होते. सकाळी मी खाली जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "झालं."

त्या चहा गाळत होत्या. "हं. कसं वाटलं?"

"झालं ना."

"थे ऐकलं. तुले कसं वाटलं?"

हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. मीही नाही. "ठीक," मी म्हणाले.

"ठीक तं डोक्याची गोळी घेतल्यावरबी वाटते," त्या म्हणाल्या. "तुले काय आवडते थे तुले ठाऊक हाय का?"

नाही, मला ठाऊक नव्हतं.

"मंग शोध. आन त्याले सांग. सांगाले तं येते नं तुले, धंदाच थो हाय."

बाकी सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. नवरा खूश होता, सासूबाईंना फोनवर एका शब्दात कळवलं होतं, आणि मीही ते संपलं असं धरून चालले होते. डॉक्टरीणबाईंनी ते मिटू दिलं नाही. त्यामुळे मला घरी बसून 'इथे नको', 'असं', 'थांब' आणि 'परत' असे शब्द शिकावे लागले. शोधपत्रकारितेचा मला अनुभव नव्हता. चुका पुष्कळ झाल्या.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी त्यांतली एक चूक अशी काही घडली, की मी हसायला लागले. तोही हसायला लागला. आम्हाला थांबता येईना. आणि त्या हसण्यातच मला जे व्हायचं ते पहिल्यांदा झालं, इतकं अनपेक्षित, की त्या क्षणी माझ्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं.

सोमवारी सकाळी मी कचरा टाकायला खाली उतरले. डॉक्टरीणबाई व्हरांडा झाडत होत्या.

"काल दुपारी वरून लय हसून राह्यले होते," त्या म्हणाल्या.

"टीव्हीवर एक विनोदी कार्यक्रम होता," मी म्हणाले.

"काल दुपारभर गल्लीत लाईट नोती," त्या म्हणाल्या आणि झाडत झाडत आत गेल्या.